व्हीओटू मॅक्स + लॅक्टेट टेस्ट (पुणे) – करून आले, अनुभव सांगते

जूनमध्ये पुण्यातल्या एका स्पोर्ट्स सायन्स सेंटरला ट्रेडमिलवरची ही टेस्ट केली (व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते, लॅक्टेट म्हणजे जोरात पळताना रक्तात वाढणारा पदार्थ), साडेसहा हजार घेतले. ग्रुपवर बरेच जण विचारतायत म्हणून सविस्तर लिहिते. सेंटरचं नाव टाकत नाहीये कारण एक तक्रारही आहे.

टेस्ट केली ती मुंबई मॅरेथॉनमुळे. पहिल्या फुलला (४२ किमी) पहाटेच्या अंधारात, गार हवेत किलोमीटरला साडेपाच मिनिटांच्या पेसने सुटले, पाय इतके हलके वाटत होते की हाफपर्यंत (२१ किमी) कसली चिंताच नव्हती, आणि परतीला ३५-३६ किमीच्या आसपास पेडर रोडचा चढ आला तेव्हा पायात काही उरलंच नव्हतं. चालत चढले. ४ तास ३१ मिनिटं लागली. जो तो म्हणाला लाँग रन वाढव, पण मला कळेना कमी नक्की काय पडतंय.

टेस्ट अशी होते – तोंडावर घट्ट मास्क, छातीला हार्ट रेटचा पट्टा, ट्रेडमिलला १ टक्का चढ, दर चार मिनिटांनी स्पीड वाढवतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर थांबवून बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात. मास्कने सुरुवातीला जीव घुसमटतो, मग सवय होते. शेवटची दोन मिनिटं मात्र खरंच भयंकर.

माझा व्हीओटू मॅक्स आला ४९. घड्याळ बिचारं वर्षभर ५४ दाखवत होतं! पण खरी कामाची गोष्ट लॅक्टेटची निघाली. साधारण ६:२० च्या पेसला लॅक्टेट २ च्या आसपास होतं आणि ५:२० ला ४ च्या वर उसळलं. म्हणजे ज्या ५:३० ला मी "आरामात" पळत होते ते माझ्या थ्रेशोल्डला (ज्याच्या पुढे लॅक्टेट झपाट्याने वाढतं ती मर्यादा) जवळजवळ चिकटलेलं होतं, तिथे शरीर साखर भराभर जाळतं आणि साठवलेली साखर ४२ किमी पुरत नाही. दम कमी नव्हता, सुरुवातच चुकत होती. केनियाच्या केल्व्हिन किप्टमने २०२३ ला शिकागोत मॅरेथॉनचा २:००:३५ चा विश्वविक्रम केला तेव्हासुद्धा पहिला हाफ ६०:४८ आणि दुसरा ५९:४७ होता, तेव्हाचा जगातला सगळ्यात फास्ट मॅरेथॉनर आधी हात राखून पळाला तर आपण कोण.

रनिंग इकॉनॉमीही मोजतात, म्हणजे एक किमीला किती ऑक्सिजन खर्च होतो ते. माझा थोडा जास्त निघाला, आठवड्यातून दोनदा स्ट्रेंग्थ आणि इझी रननंतर स्ट्राइड्स (छोट्या वेगवान धावा) करायला सांगितलं.

आता तक्रार. रिपोर्ट आठ दिवसांनी आला आणि समजावून सांगायला जेमतेम दहा मिनिटं, तेही फोनवर. टेस्ट एसीत झाली होती, मुंबईच्या दमटपणात आणि साडेआठच्या उन्हात हे आकडे जसेच्या तसे चालणार नाहीत हे त्यांनी स्वतःहून सांगायला हवं होतं, मी विचारलं तेव्हा बोलले. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने पाणी जातं, मग त्याच पेसला हार्ट रेट चढतच राहतो. हे नवीन रनरला कोण सांगणार? पैसे घेताय तर एवढं लिहून द्या.

या जानेवारीत पहिले १० किमी सहाच्या पेसने, हार्ट रेट बघत पळाले, लोक भराभर पुढे जात होते तरी जाऊ दिलं, मग ५:५० धरला. पेडर रोड दुसऱ्यांदा आला तेव्हा पेस पडला पण चालले नाही, एक पाऊलही नाही. वर पोचल्यावर डोळे भरून आले. ४ तास ९ मिनिटं.

पहिली हाफ करणाऱ्यांनी एवढे पैसे घालू नयेत, आधी वर्षभर नियमित पळा. दोन-तीन फुल करून एकाच जागी अडकला असाल तर जरूर करा. जाताना आदल्या दिवशी लाँग रन नको, दोन-तीन तास आधी हलकं खाऊन जा, रोजचेच शूज घाला आणि रिपोर्ट समोर बसून समजावणार का ते बुकिंगच्या आधीच विचारून घ्या.