नोकरी सांभाळून पायलट होण्यापायी माझे १५ लाख ३१ हजार ९०० रुपये गेले, ते असे

आधीच सांगतो, मी भोळा वगैरे नाही. वय ३१, हिंजवडीत नऊ वर्षं नोकरी, दिवसभर लोकांच्या सिस्टिममधल्या चुका शोधायच्या त्याचा पगार मिळतो. त्यामुळे "शिकलेली माणसं अशी कशी फसतात" हे वाक्य कृपया मला ऐकवू नका. सासरेबुवांकडून ऐकून झालंय.

कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, ही जुनी खाज. बारावीला फिजिक्स-मॅथ्स होतं, पैसे नव्हते. आता पगार होता, वेळ नव्हता. आणि नेमकी हीच दुखरी नस दाबणारी जाहिरात समोर आली: "नोकरी न सोडता सीपीएल. वीकेंड फ्लायिंग. फक्त ३८ लाख." बाहेर पन्नास-साठ लाखांचे आकडे ऐकलेले. एक कन्सल्टन्सी, मुंबईच्या उपनगरात काचेचं ऑफिस, भिंतीवर कॉकपिटचा मोठा फोटो. पुढची गोष्ट तुम्ही ओळखलीच असेल. तरी सांगतो, कारण यातली मेख नेहमीच्या जागी नव्हती.

मी चौकशी केली होती. हो, केली होती! ज्या फ्लायिंग स्कूलमध्ये पाठवणार होते त्याचं नाव डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत मी स्वतः शोधलं, सापडलं. स्कूल खरं, विमानं खरी, इन्स्ट्रक्टर खरे. खोटा होता तो मधला माणूस. यादीत नाव बघून मी निर्धास्त झालो आणि पैसे भलत्याच्याच खात्यात भरत राहिलो. यादी बघितलीत तर त्याच स्कूलच्या ऑफिसला फोनही करा आणि विचारा, हे लोक तुमचे कोण? मी तो फोन सात महिन्यांनी केला.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा. मुहूर्त म्हणून ५१,००० रुपये रजिस्ट्रेशन, क्यूआर कोड स्कॅन करून. बायकोने पेढे आणले.

आठवड्याने ग्राउंड क्लासची, म्हणजे लेखी पेपरांच्या वर्गाची फी, २,३६,०००. ही रक्कम नेट बँकिंगने. नवीन खातं जोडलं की माझ्या बँकेत अर्धा तास थांबावं लागतं. त्या काचेच्या ऑफिसात मी तो अर्धा तास बसून होतो. मोबाइलवर खातेदाराचं नाव दिसत होतं आणि ते ब्रोशरवरच्या नावाशी जुळत नव्हतं, फ्लायिंग स्कूलच्या नावाशी तर नाहीच. मी काउन्सेलर मॅडमना विचारलंसुद्धा. "सर, ती आमची ग्रुप कंपनी आहे," म्हणाल्या आणि चहा मागवला. चहा आला. मी प्यायलो. आलं घातलेला, चांगला होता. बँकेने मला अर्धा तास दिला होता डोकं चालवायला, आणि मी तो भिंतीवरचं कॉकपिट बघण्यात घालवला. अजून रात्री दोन वाजता तो चहा आठवतो.

ग्राउंड क्लास म्हणजे कुणाचे तरी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि रविवारी दीड तास शंकानिरसन. "डीजीसीए अप्रूव्ह्ड ग्राउंड स्कूल" असं मोठ्या अक्षरात छापलेलं. डीजीसीएची मान्यता उड्डाण प्रशिक्षण संस्थेला असते हो, कुणाच्या कोचिंग क्लासला नसते. मेट (हवामान) आणि रेग्युलेशन (नियम) हे दोन पेपर मी सुटलो, पण स्वतःच्या जिवावर, पहाटे पाच ते सात पुस्तकं वाचून. पासिंग ७० टक्क्यांना असतं, गंमत नाही ती. म्हणजे जे मी स्वतः केलं त्याचेही २,३६,००० दिले.

मग किट. युनिफॉर्म, हेडसेट, पुस्तकं, नकाशे मिळून ६४,९००. युनिफॉर्म अंगावर घालून एक पट्टीवाले खांदे मिरवत फोटो काढला, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवला. ऑफिसात "पायलटसाहेब" म्हणून केक कापला. तो फोटो आता काढून टाकलाय, पण लोकांच्या डोक्यातून कसा काढणार? परवाही कँटीनमध्ये एकाने विचारलं, "साहेब, पुढची फ्लाइट कधी?"

डीजीसीएच्या पेपरांना बसायला लागणारा कॉम्प्युटर नंबर काढून देण्याचे त्यांनी वेगळे ६,००० मागितले होते. ते मात्र मी दिले नाहीत, स्वतः काढला. बघा केवढा हुशार!

फ्लायिंगचे पैसे दोन चेकने. ५,९०,००० नोव्हेंबरात, ५,९०,००० जानेवारीत, "सीट लॉक करायला". दुसरा चेक मी एकही उड्डाण व्हायच्या आधी दिला. का दिला? तेव्हा वाटलं मागे राहू, स्लॉट जाईल. आठ लाखांचं पर्सनल लोन घेतलं, त्याचा हप्ता १७,५९४, पाच वर्षं. बायकोच्या पाटल्या आणि हार सोनेतारणला, २,८०,०००. उरलेले ४,५१,९०० साठवलेले.

आता बिल नीट ऐका. दहा लाख फ्लायिंग, त्यावर १८ टक्के जीएसटी, १ लाख ८० हजार. सप्टेंबर २०२४ मध्येच जीएसटी कौन्सिलच्या ५४व्या बैठकीत स्पष्ट केलं गेलं होतं की डीजीसीए-मान्य संस्थेने दिलेल्या मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षणावर जीएसटी लागत नाही. म्हणजे फ्लायिंगच्या नावाखाली १८ टक्के लावणारा माणूस बिलातच लेखी कबूल करत होता की तो फ्लायिंग स्कूल नाही. आणि वर्णनाच्या रकान्यात काय लिहिलेलं? "सल्ला व साहाय्य सेवा." प्रशिक्षण हा शब्द आख्ख्या बिलात नव्हता. उड्डाणाचे तास नव्हते, विमानाचा प्रकार नव्हता. रोज शंभर पानी कागदपत्रं वाचणारा मी, एक पानी बिलाची फक्त शेवटची ओळ वाचली.

हिशेबाचं तर बोलूच नका. सीपीएलला २०० तास लागतात, त्यातले १०० स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्याकडे. मॅडम म्हणाल्या, दर वीकेंडला चार तास. म्हणजे ५० वीकेंड. वर्षात असतात ५२. त्यातून आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने वजा करा, दिवाळी वजा करा, ऑफिसचं रिलीज ज्या शनिवारी असतं ते वजा करा. हा भागाकार चौथीतला पोरगा करेल. मी एक्सेलवर पोट भरतो आणि मी केला नाही, कारण उत्तर मला नको होतं.

एअरफिल्ड रात्रीच्या बसने नऊ तासांवर. शुक्रवारी लॉगआउट करून बस, पहाटे उतरून तोंड धुऊन थेट हँगर. तिथे तीन विमानं. एकाचा प्रोपेलर काढलेला, एक कव्हर घालून पडलेलं, एओजी, म्हणजे बिघाडामुळे जमिनीवर अडकलेलं. उडणारी सेसना १५२ एकच, आणि तिच्यासाठी फळ्यावर चाळीसेक नावं. पूर्णवेळ राहणारी पोरं आठवडाभर रांगेत होती, शनिवारी उगवणाऱ्या मला कोण आधी बसवणार? सकाळी धुकं, व्हिजिबिलिटी पाच किलोमीटर होईपर्यंत दहा वाजायचे, मग क्रॉसविंड म्हणजे आडवा वारा, मग तपासणी. रविवारी इंजिनिअरलाच सुट्टी. म्हणजे "वीकेंड फ्लायिंग"च्या वीकेंडचा अर्धा भाग फील्ड बंद!

जानेवारी ते मे २०२५, अकरा फेऱ्या, दहा सॉर्टी (उड्डाणं), प्रत्येकी चाळीस मिनिटं. एकूण ६ तास ४० मिनिटं, सगळं ड्युअल, म्हणजे शेजारी इन्स्ट्रक्टर. भागून बघा, तासाला १ लाख ७७ हजार रुपये पडले.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. एप्रिलमध्ये मी आरडाओरडा केल्यावर कन्सल्टन्सीचा माणूस फील्डजवळच्या टपरीवर भेटला. म्हणाला, सर, नोकरीवाल्यांचं असंच असतं, थोडे तास पी-५१ करून टाकू. या धंद्यात नवीन असाल तर सांगतो, पी-५१ म्हणजे पार्कर पेन. विमान जमिनीवर, तास लॉगबुकात. त्याचे वेगळे अडीच लाख. मी नाही म्हणालो. पण लगेच नाही म्हणालो नाही. दोन रात्री विचार केला. २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स काढलेले वैमानिक पकडले गेले तेव्हा मीच कॉलेजच्या कट्ट्यावर त्यांना शिव्या घातल्या होत्या. अशी ऑफर कुणी दिली तर तिथूनच उठा, लायसन्स मिळून पुढे आयुष्यभर त्याच माणसाच्या खिशात राहाल ते वेगळंच.

मेमध्ये स्कूलच्या अकाउंट्सला फोन केला. माझ्या नावावर त्यांच्याकडे जमा होते २ लाख रुपये. "बाकीचं तुमचं आणि त्यांचं, आमचा काही संबंध नाही." जूनमध्ये मॅडमचा फोन बंद. ऑगस्टमध्ये त्याच काचेवर परदेशी शिक्षणाचा बोर्ड.

आता आपली यंत्रणा. पुण्यातल्या पोलीस ठाण्यात विचारलं, ऑफिस कुठे? मुंबईला. मग तिकडे जा. मुंबईला विचारलं, पैसे कुठून पाठवले? पुण्याहून. मग तिकडे जा. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, म्हणालो तर साहेबांनी असं बघितलं जणू मी त्यांची बदली मागितली. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणूक, पाठ करून गेलो होतो. त्यांनी बिल हातात घेतलं. "सल्ला व साहाय्य सेवा. सल्ला दिला ना? विमानात बसलात ना? मग हे सिव्हिल मॅटर आहे." बाजूचा हवालदार, "या वयात पायलट कशाला व्हायचं?" अहो, ते कलमात कुठे लिहिलंय? शेवटी अर्ज घेतला, शिक्का दिला. एफआयआर अजून नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणाले, तुम्ही स्वतः चेक दिलाय, हा सायबर गुन्हा नाही. डीजीसीएला तीन मेल. उत्तर आलं एकाला, फीचा वाद आमच्या कक्षेत येत नाही आणि सदर कन्सल्टन्सी आमची मान्यताप्राप्त संस्था नाही. मान्यताप्राप्त नाही, हीच तर तक्रार आहे ना! केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाकलं, तिथे त्याच उत्तराची प्रत जोडून तक्रार "निकाली". कुणाची निकाली निघाली? माझा १७,५९४ चा हप्ता पाच तारखेला जातोच आहे.

ग्राहक आयोग तेवढा उरला. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, हे मला पोलिसांपैकी कुणीही सांगितलं नाही, एका सहकाऱ्याच्या वकील बहिणीने सांगितलं. केस दाखल आहे. नोटीस "पत्त्यावर आढळले नाहीत" शेरा मारून परत आली.

नोकरी करत सीपीएलचं डोक्यात असेल तर मेडिकल आधी, सीपीएलला लागणाऱ्या क्लास वन तपासणीसकट, बाकी सगळं नंतर. पेपर नोकरी करताना सुटतात, त्याला कुणाच्या पॅकेजची गरज नाही. फ्लायिंगला मात्र बिनपगारी रजा टाका नाहीतर राजीनामा द्या, वीकेंडला होतं असं सांगणारा खोटं बोलतोय. पैसे फक्त स्कूलच्या खात्यात, तासांप्रमाणे, उडाल्यावर. भरायच्या आधी दोन दिवस हँगरबाहेर बसा आणि दिवसाला किती विमानं उडतात ते मोजा. पोरांशी बोला, मॅनेजरशी नको.

गेल्या आठवड्यात नवीन नंबरवरून मेसेज आला. "वर्किंग प्रोफेशनल्ससाठी सीपीएल, शेवटच्या ४ सीट." तोच कॉकपिटचा फोटो. मी अनोळखी बनून फोन केला. आवाज मॅडमचाच. विचारलं, २०० तास किती दिवसांत होतील? "दर वीकेंडला चार तास सर, वर्षात लायसन्स." स्क्रीनशॉट घेऊन त्याच संध्याकाळी ठाण्यात गेलो. हवालदाराने चष्मा लावून माझा अर्ज उघडला, मोबाइल शेजारी धरला, आकडे एकेक करून जुळवले आणि म्हणाला, "पण हा तर वेगळा नंबर आहे."