टर्बो पेट्रोल गाडीला कोणता फ्युएल प्रेशर रेग्युलेटर: कंपनीचा, वन-टू-वन की रायझिंग रेट?

मागच्या महिन्यात इंदूरच्या राजेंद्र नगरचा माझा भाचा त्याची जुनी १.८ टर्बो पेट्रोल ऑक्टाव्हिया घेऊन दारात उभा राहिला. "मामा, रेग्युलेटर बदलायचाय, पण तीन मिस्त्रींनी तीन वेगळे सांगितलेत." हा रेग्युलेटर म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब राखणारी डबी. एक म्हणाला कंपनीचाच टाक. दुसरा म्हणाला वन-टू-वनचा अ‍ॅडजस्टेबल घे. तिसऱ्याने रायझिंग रेट सुचवला, म्हणजे मोठ्या इंजेक्टरचा खर्च वाचेल. जुनी टर्बो गाडी हौसेने सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांना हाच प्रश्न पडतो, म्हणून त्याला सांगितलं ते इथे लिहितोय.

इंजेक्टरमधून पेट्रोल किती जाईल हे एकट्या रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपच्या, दाबावर ठरत नाही. इंजेक्टरचं एक टोक रेलमध्ये असतं, दुसरं इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये. दोन्हीकडच्या दाबांतला फरक पेट्रोलला पुढे ढकलतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, आला की मॅनिफोल्डमधली हवा पेट्रोलला उलटी रेटते. समजा रेलमध्ये कायम ३ बार आहे (१ बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेइतका दाब) आणि बूस्ट १ बार आला, तर फरक उरला २ बारचा. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे पेट्रोल सुमारे १८ टक्क्यांनी घटलं, आणि तेही सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा शिरत असताना. मिक्श्चर लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका) सुरू होतं, आणि नॉकिंग पिस्टन खातं.

यावरचा उपाय रेग्युलेटरच्या छोट्याशा डबीत आहे. आत रबरी डायफ्रॅम, त्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. पेट्रोलचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की डायफ्रॅम उचलला जातो आणि जास्तीचं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत जातं. स्प्रिंगच्या बाजूला मॅनिफोल्डची बारीक नळी जोडली की बूस्ट स्प्रिंगच्या मदतीला येतो. १ बार बूस्टला रेल ४ बारवर चढते, फरक पुन्हा ३. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) मॅनिफोल्डमध्ये ०.६ बार व्हॅक्यूम असेल तर रेल २.४ वर उतरते, फरक तरीही ३. बूस्ट जितका, तितकाच रेलचा दाब वाढतो, म्हणून नाव वन-टू-वन.

आता तिन्हींची तुलना. भाच्याच्या गाडीसारख्या, रेलवर रेग्युलेटर आणि त्याला मॅनिफोल्डची नळी असलेल्या जुन्या गाड्यांत कंपनीचा रेग्युलेटरही वन-टू-वनच असतो. फक्त त्याचा मूळ दाब बदलता येत नाही. टर्बो, इंजेक्टर आणि पंप मूळचेच असतील तर दुसरा घ्यायचं काहीच कारण नाही. आणि नवा घेण्याआधी आहे तो तपासा. आम्ही अंगणातच त्याच्या रेग्युलेटरवरची नळी ओढून काढली. नळीच्या टोकाला पेट्रोलचा थेंब, वास झणझणीत. डायफ्रॅम फाटला होता आणि पेट्रोल नळीवाटे सरळ मॅनिफोल्डमध्ये ओढलं जात होतं. आयडलला गाडी दचके का देते, अ‍ॅव्हरेज का पडलं, सगळ्याचं उत्तर त्या थेंबात होतं. काही जण कंपनीच्या ३ बारच्या जागी ४ बारचा टाकतात. त्याने पेट्रोल सुमारे १५ टक्के वाढतं, पण आयडलपासून सगळीकडेच वाढतं. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यून केल्याशिवाय त्यात हशील नाही.

अ‍ॅडजस्टेबल वन-टू-वन मला मनापासून आवडतो, पण तो मोठे इंजेक्टर बसवून ईसीयू ट्यून करणाऱ्यासाठी आहे. ट्यूनरला इंजेक्टरवरचा फरक कायम एकसारखा मिळाला की त्याचं निम्मं काम सोपं होतं. सेटिंग करताना रेग्युलेटरवरची मॅनिफोल्डची नळी काढून तिचं तोंड बंद करा, इंजिन आयडलवर ठेवा, स्क्रूने गेजवर ३ बार आणा, लॉकनट आवळा आणि मगच नळी परत लावा. नळी लावल्यावर काटा खाली येतो. ते बिघाड समजून पुन्हा स्क्रू पिळणारे मी पाहिलेत. नळी थेट मॅनिफोल्डवरून, थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामधून घ्यायची, बूस्ट गेज किंवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या नळीला टी-जोड लावून नाही. रिटर्न लाइन बारीक असेल तर आयडलला सगळं पेट्रोल परत जाऊच शकत नाही, स्क्रू कितीही ढिला केला तरी दाब उतरत नाही. चांगल्या रेग्युलेटरला दोष देण्याआधी रिटर्नचा पाइप बघा.

रायझिंग रेटमध्ये बूस्टच्या कितीतरी पट दाब वाढतो. चारास एकचा घेतला तर अर्ध्या बार बूस्टला रेल ३ वरून ५ वर जाते, फरक साडेचार होतो आणि पेट्रोल सुमारे २२ टक्के वाढतं. ईसीयूला हात न लावता साध्या इंजिनावर थोडा बूस्ट चढवणाऱ्यांनी हा मार्ग वापरला, कारण तेव्हा ट्यूनिंग सहज मिळत नव्हतं. आज मिळतं. दाब वाढेल तसा पंपाचा प्रवाह घटतो, एका मर्यादेनंतर पंपातला जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्हच उघडतो, आणि फार दाबाखाली इंजेक्टर वेळेवर उघडायला कुरकुर करतात. म्हणजे सर्वांत जास्त पेट्रोल लागतं तिथेच हा उपाय थकतो.

मी स्वतः एकदा ही चूक केली. स्वस्तातला नकली रायझिंग रेट बसवला आणि मे महिन्यात खलघाटकडून परतताना भेरूघाट चढत होतो. निमाडची ती भाजणारी हवा, लांब चढ, बूस्ट सतत. क्लिप नसलेली नळी निसटली, रेल मूळ दाबावर आली आणि बोनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज सुरू झाला. मी पाय उचलला, पण उशीर झाला होता. इंजिन उघडल्यावर तिसऱ्या पिस्टनची कड वितळलेली दिसली. म्हणून सांगतो, इंदूरच्या सपाट सुपर कॉरिडॉर रस्त्यावर चार सेकंद दाबून बघणं ही रेग्युलेटरची परीक्षाच नव्हे. खरी परीक्षा लांब चढावर, गरम हवेत होते. नळीच्या दोन्ही टोकांना क्लिप हवीच.

आता इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. ई२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, तेवढ्याच हवेसाठी सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं. काठावर चालणाऱ्या सेटअपची उरलेली शिल्लक तिथेच संपते. रेग्युलेटर घेताना डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारा आहे ना, हे विचारूनच घ्या.

नवी गाडी असेल तर यातलं काही विकत घेऊ नका. आजच्या बहुतेक पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये सोडणाऱ्या) गाड्यांत रिटर्न लाइनच रेलपर्यंत नसते. रेग्युलेटर टाकीत पंपाजवळ असतो, दाब कायम ठरलेला, आणि बूस्टचा हिशेब ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून करतो. मारुतीचं बूस्टरजेट, स्कोडा-फोक्सवॅगनचं टीएसआय किंवा ह्युंदाईचं १.० टर्बो जीडीआय असेल तर ते डायरेक्ट इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. तिथे कॅमवर चालणारा हाय-प्रेशर पंप शेकडो बारचा दाब बनवतो, त्यापुढे १ बार बूस्ट नगण्य. आणि इंजिनात केलेल्या कोणत्याही बदलाने वॉरंटी जाऊ शकते. नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

भाच्याच्या गाडीत टर्बो आणि इंजेक्टर मूळचेच, म्हणून कंपनीच्याच प्रतीचा नवा रेग्युलेटर आणि नव्या नळ्या घातल्या. तात्पुरता रेलला सेन्सर लावून मीटर आत घेतला. पेट्रोलची नळी कधीही केबिनमध्ये आणू नका, आत फक्त वायर यावी. आयडलला २.४, नळी काढली की ३. मग त्याच घाटावर गेलो. तो गाडी चालवत होता, मी शेजारी बसून आकडे वाचत होतो. ०.६ बूस्टला ३.६. सबंध चढ संपेपर्यंत तेवढाच.