विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर : पतींना उद्देशून बरेच काही, पण निम्म्याच वेळापुरते

कॅथलिक चर्चमध्ये लग्न लावायचे, तर विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिराचे प्रमाणपत्र धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात द्यावे लागते. त्यामुळे बहुतेक जोडपी लग्नाच्या कागदपत्रांतला आणखी एक कागद एवढ्याच भावनेने या शिबिराला येतात. वसई परिसरातील एका धर्मग्रामाने शनिवार-रविवारी भरवलेले, संपूर्णपणे मराठीतून चालणारे असे एक शिबिर मी माझ्या वाग्दत्त वधूसह नुकतेच पूर्ण केले. पती-पत्नीच्या समानतेविषयी चर्च काय शिकवते आणि ती शिकवण पुरुषांपर्यंत कितपत पोहोचते, या एकाच कसोटीवर मी ते येथे तपासणार आहे. सभागृह हवेशीर होते, वेळापत्रक पाळले गेले आणि शुल्क माफक होते, एवढे सांगून बाकीच्या सोयी-गैरसोयी सोडून देतो.

पहिले सत्र धर्मगुरूंचे होते. पत्नींनी पतीच्या अधीन असावे हे बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील वचन आपल्याकडे लग्नाच्या प्रवचनात आणि पुढे सासरच्या ओटीवरही इतक्यांदा ऐकवले जाते, की त्या अध्यायात दुसरे काही असेल याची कोणाला कल्पनाच नसते. फादरांनी वाचनाला सुरुवात केली ती एक वचन अलीकडून, म्हणजे सर्वांनी एकमेकांच्या अधीन राहावे असे सांगणाऱ्या २१व्या वचनापासून. पत्नींसाठी तेथे २२ ते २४ अशी तीनच वचने आहेत. २५व्यापासून पुढचा बराचसा उपदेश पतींना आहे, आणि त्यांच्यापुढे ठेवलेला आदर्श मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, प्राण देणाऱ्या ख्रिस्ताचा आहे, हे त्यांनी वरांकडूनच मोठ्याने वाचून घेतले. ही अधीनता परस्परांची आहे असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ च्या प्रेरितिक पत्रात मांडले होते, आणि पत्नीवर केलेली हिंसा हे पौरुषाचे नव्हे तर भ्याडपणाचे लक्षण आहे असे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबविषयक बोधपत्राच्या ५४व्या परिच्छेदात लिहिले आहे, याचीही त्यांनी आठवण करून दिली. वैवाहिक जीवनात दोघांचे हक्क आणि कर्तव्ये समान आहेत असे सांगणारे चर्चच्या कायदेसंहितेचे ११३५वे कलम त्यांनी फळ्यावर लिहून दिले. विवाहसंस्काराचे कर्ते वधू-वर स्वतःच असतात व संमतीच्या विधीत दोघांच्या तोंडी एकच वचन असते, हेही त्यांनी सांगितले; मला तरी ते नव्याने कळले.

एका वराने सरळ विचारले, “फादर, पण शेवटचा निर्णय कोणाचा?” त्यावर फादर म्हणाले, “लग्नाचा हॉल कोणी ठरवला ते आधी सांगा, आणि तो ठरवताना ही कुठे होती तेही सांगा.” वराला उत्तर देता आले नाही, वधूने मात्र दिले, आणि ते बरेच सविस्तर होते.

एवढी समानता आहे, तर वेदीवर स्त्री धर्मगुरू का नाही, या एका मुलीच्या प्रश्नाला मात्र स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देता येत नाही असे सांगणाऱ्या १९९४ च्या पोपपत्राचा हवाला देऊन दोन मिनिटांत निरोप मिळाला. विषय विवाहाचा होता, हे मान्य. तरीही चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचा सभासद असलेला एक वर तेथे बसला होता आणि त्याच्या चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. तेव्हा प्रश्न इतक्या घाईने मिटवायला नको होता.

शिबिराचे मोल वसूल झाले ते महिला वकिलांच्या सत्रात. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरत असे, पत्नीला मात्र पतीचा छळ सिद्ध करूनही भागत नसे, त्याला व्यभिचाराची जोड द्यावी लागे. पत्नीशी संबंध ठेवणाऱ्याकडून पतीला नुकसानभरपाई मागता येत असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली छळ आणि परित्याग ही स्वतंत्र कारणे मानली व संसदेने २००१ साली कायदाच दुरुस्त केला, हा प्रवास त्यांनी खटल्यातील युक्तिवाद सांगावा तसा सांगितला. नंतर त्या वारसाहक्काकडे वळल्या. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो, हे सांगून त्यांनी वरांना विचारले, “तुम्ही ज्या वाडीत राहता, तिच्या हक्कसोडपत्रावर तुमच्या आत्यांनी सही केली आहे का, आणि केली असल्यास त्यांना काय मिळाले?” पुरुषांना अवघडवणारा इतका नेमका प्रश्न मी चर्चच्या आवारात प्रथमच ऐकला.

रविवारी दुपारी मात्र आयोजकांनी स्वतःच्याच शिकवणीवर पाणी फिरवले. नैसर्गिक कुटुंबनियोजनावरील डॉक्टरांच्या सत्राला फक्त वधू बसल्या आणि आम्हा वरांना शेजारच्या खोलीत गृहकर्ज व बचतीचे मार्गदर्शन मिळाले. चर्चला मान्य असलेल्या या पद्धतीत पत्नीच्या शरीरातील खुणा ओळखून दोघांनीही संयम पाळायचा असतो, म्हणजे पतीला ती समजली नाही तर ती चालणारच नाही. उलट, माझी वाग्दत्त वधू बँकेच्या कर्ज विभागात काम करते. आमच्या वक्त्यांनी व्याजदराविषयी सांगितलेल्या दोन गोष्टी तिने संध्याकाळी रिक्षात दुरुस्त केल्या. दोन्ही दिवस चहा-जेवणाचे सगळे महिला मंडळाने केले, उष्टी ताटेही त्यांनीच उचलली. जेवणाच्या रांगेत पुरुष पुढे होते.

मराठीतून विचार करणाऱ्या जोडप्यांनी हे शिबिर जरूर निवडावे, आणि शनिवारची सत्रे कोणत्याही सबबीखाली चुकवू नयेत. वकिलांच्या सत्रासाठी आपापल्या घरच्या जमिनीचा सातबारा आधी वाचून जावे, म्हणजे प्रश्न नेमके विचारता येतील. दुपारी वेगळे बसवले गेल्यास दोघांनी मिळून आक्षेप घ्यावा. आमच्या तुकडीतील एका जोडप्याने तो घेतला, तेव्हा डॉक्टरांनी त्या वराला मागच्या बाकावर बसू दिले.