इनक्युबेशन सेंटर की पैसे मोजलेली पहिली ऑर्डर? कोल्हापूरपुरती एक तुलना

नव्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या स्टार्टअपसाठी शहराने काहीतरी करायचं असं ठरलं, की टेबलावर दोन प्रस्ताव येतात. एक, इनक्युबेशन सेंटर काढायचं: जागा, लॅब, मार्गदर्शक. दुसरा, स्टार्टअपला इथल्याच एखाद्या कारखान्यात किंवा महापालिकेच्या खात्यात पैसे देऊन पायलट (प्रत्यक्ष जागेवरची लहान चाचणी) करायला लावायचा, म्हणजे पहिली ऑर्डर शहरानेच द्यायची. दोन्हींना पुरेल इतका निधी एका वेळी हातात नसतो. उद्योजक संघटनेच्या पातळीवर आम्हाला हा निर्णय घ्यावा लागला, तेव्हा ज्या गोष्टी तोलल्या त्या इथे मांडतो. खुर्च्या, वायफाय, डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता या गोष्टी वाचणाऱ्याला माहीत आहेत असं धरलं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. कोल्हापुरात ‘शहर’ म्हणजे फक्त महापालिका नव्हे. हद्दवाढ रखडलेली असल्यामुळे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या एमआयडीसी पालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. पाणी, पूर, कचरा, केएमटीची शहर बस हे विषय पालिकेचे. फाउंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉपचे दरवाजे मात्र उद्योजक संघटनांच्या शब्दावर उघडतात. त्यामुळे खाली जिथे ‘यजमान’ म्हटलं आहे तिथे पालिका किंवा एखादा कारखाना, यांपैकी कोणीही असू शकतं, आणि दोघांच्या अडचणी वेगळ्या आहेत.

जागेच्या बाजूने

सेंटरचा सगळ्यात भक्कम मुद्दा खुर्चीचा नाही, पैशाचा आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत प्रोटोटाइप (पहिलं नमुना यंत्र) आणि चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे) कर्जरोखे अशी सोय केली गेली, आणि हा पैसा इनक्युबेटरमार्फतच वाटायचा होता. म्हणजे इनक्युबेटरशी नातं नाही तर हा रस्ता बंद. पण त्याच योजनेने इनक्युबेटरला घातलेल्या अटीही वाचाव्यात: किमान दोन वर्षं चालू असलेली संस्था, किमान २५ जणांची बसायची सोय, पूर्णवेळ मुख्याधिकारी आणि प्रत्यक्ष इनक्युबेशनमध्ये असलेले किमान पाच स्टार्टअप. आज फीत कापलेलं सेंटर या निकषात दोन वर्षं तरी बसत नाही. त्यामुळे नवं सेंटर काढण्यापेक्षा जिल्ह्यातल्या विद्यापीठात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत जे आधीच चालू आहे त्याला बळ देणं शहाणपणाचं ठरतं. जागेच्या बाजूचा माणूसही एवढं बहुधा मान्य करेल.

दुसरा मुद्दा महागड्या उपकरणांचा. धातूतले घटक मोजणारा स्पेक्ट्रोमीटर, धातूची रचना पाहणारा मेटॅलोग्राफीचा मायक्रोस्कोप, तापमान-आर्द्रतेचा चेंबर, पीसीबी (सर्किट बोर्ड) दुरुस्तीचं टेबल या गोष्टी एकट्या स्टार्टअपने घेऊ नयेत. गुळावर काम करणाऱ्यांसाठी तर अन्न तपासणीची लॅब हाताशी असणं हीच निम्मी लढाई. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळात कोणी रंग आणि सल्फर ओळखणारं यंत्र करू पाहत असेल, तर त्याला आधी प्रमाणित नमुने लागतात. ऑर्डर त्यानंतरची.

ज्या कटकटीने निकाल लावला

ती कटकट म्हणजे फुकट ट्रायल. सेंटरमध्ये प्रोटोटाइप तयार होतो, मग टीम फाउंड्रीत जाते. मालक मोठ्या मनाने म्हणतात, ‘या, लावा, बघा.’ अडचण त्यानंतर सुरू होते, कारण शॉप फ्लोअरवर त्या डब्याला धनी नसतो. गेटवे (डेटा पुढे पाठवणारा डबा) ज्या सॉकेटला लावला तिथेच दुसऱ्या पाळीत हँड ग्राइंडर लागतो, आणि काम संपल्यावर गेटवेचा प्लग परत लावायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही. आठवडा संपताना टीमला कळतं की गुरुवारपासून डेटाच आलेला नाही. कॅमेऱ्याचा ब्रॅकेट ओझं उचलणाऱ्या होइस्टच्या आड येतो म्हणून कोणीतरी तो चार बोटं वर सरकवतो, आणि त्या क्षणापासून आधीचं कॅलिब्रेशन (मोजमापाची जुळणी) बाद. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो. सुपरवायझरला टनेजचा हिशेब द्यायचा असतो, डब्याचा हिशेब त्याला कोणी विचारत नाही. तीन महिन्यांनी हातात येतो भोकं पडलेला डेटा, आणि ‘तुमचं तंत्रज्ञान आमच्याकडे चाललं नाही’ असा शेरा. खरं तर ते तपासलंच गेलेलं नसतं.

दीड-दोन लाखांची का होईना, पर्चेस ऑर्डर निघाली की चित्र बदलतं. अकाउंट्सवाला विचारतो, याचं पुढे काय झालं? प्लँट हेड एका इलेक्ट्रिशियनचं नाव ठरवून देतो. गेटवेला स्वतंत्र एमसीबी (विजेचा स्विच) मिळतो, त्यावर पाटी लागते. हे काही मी तक्त्यात मोजून ठेवलेलं नाही, पण दोन्ही प्रकारचे पायलट जवळून पाहणाऱ्याला फरक सांगावा लागत नाही. सेंटर कितीही चांगलं असलं तरी ते डब्याला धनी मिळवून देऊ शकत नाही. माझ्यासाठी तराजू इथे झुकला.

ऑर्डर द्यायची तर कशी

नुसते पैसे दिले की पायलट होतो असं मुळीच नाही. रचना चुकली तर पैसेही जातात आणि शेराही तोच मिळतो.

सगळ्यात जास्त घोळ मुदतीत होतो. कास्टिंगचे (ओतलेल्या भागाचे) दोष कॅमेऱ्याने ओळखणारी टीम घेऊ, कारण आपल्याकडे अशा कल्पना सर्वांत जास्त येतात. समजा एका पार्टचे रोज २०० नग पडतात आणि रिजेक्शन ४ टक्के आहे. म्हणजे दिवसाला ८ खराब नग. त्यातले निम्मे ब्लो होलचे (वायूमुळे पडणाऱ्या भोकांचे) धरले तर ४. महिन्याच्या २५ दिवसांत १०० झाले. एका दोषाचे किमान ३०० नमुने हवेत म्हटलं, तर नुसतं नमुने गोळा करायला तीन महिने गेले. ६० दिवसांचा पायलट कागदावरच नापास आहे. त्यात भर म्हणजे रिजेक्ट नग बहुतेक ठिकाणी रनर-रायझरबरोबर (साच्याच्या वाटांमध्ये उरलेल्या धातूबरोबर) लगेच पुन्हा भट्टीत जातात, म्हणजे शिकवायचा नमुनाच वितळून जातो. ‘या पार्टचे रिजेक्ट नग फोटो होईपर्यंत वेगळ्या ट्रॉलीत ठेवायचे’ हे एक वाक्य ऑर्डरमध्ये लिहिलेलं असावं. कॅमेरा शॉट ब्लास्टिंगच्या (छऱ्यांचा मारा करून केलेल्या सफाईच्या) नंतर बसवावा. आधी बसवला तर चिकटलेली वाळू दोष म्हणून दिसते. आणि श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) आतलं असतं, ते कॅमेऱ्याकडून मागू नये. मशीनिंगनंतर ग्राहकाकडून परत येणारे नग हीट नंबरवरून (भट्टीच्या घाण्याच्या क्रमांकावरून) मागे जोडता आले पाहिजेत, नाहीतर खरा फायदा झाला की नाही हे कधीच कळत नाही.

उपकरण बसवण्याआधी चार आठवड्यांची आधारभूत नोंद घ्यावी, तीही पॅटर्नवार, म्हणजे प्रत्येक पार्टची वेगळी. सगळ्या मालाचं एकत्र रिजेक्शन पाहिलं तर महिन्यात मालाचा मेळ बदलला तरी आकडा हलतो, आणि श्रेय किंवा दोष भलत्यालाच जातो. ग्रीन सँडची (साच्याच्या ओलसर वाळूची) आर्द्रता साधारण ३ ते ४ टक्क्यांत ठेवली जाते. पावसाळ्यात ती सांभाळणं अवघड जातं, म्हणून जूनमध्ये घेतलेली आधारभूत नोंद डिसेंबरच्या निकालाशी लावू नये.

पैशांचे हप्ते मला असे योग्य वाटतात: ऑर्डरबरोबर २० टक्के, उपकरण बसून आधारभूत नोंद पूर्ण झाल्यावर ४० आणि अंतिम अहवालावर ४०. शेवटचा हप्ता निकाल चांगला आला म्हणून नव्हे, डेटा पूर्ण आला म्हणून द्यावा. यशावर पैसे बांधले की टीम सर्वांत सोपा पार्ट निवडते. खर्च यजमानाने आणि संघटनेच्या निधीने वाटून घ्यावा, पण यजमानाचा वाटा एक तृतीयांशाच्या खाली नको. त्याहून कमी झालं की पुन्हा फुकट ट्रायलची लक्षणं दिसायला लागतात.

बिल अडकण्याची भीती रास्त आहे. त्यासाठी स्टार्टअपने माल देण्याआधी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्यावी. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यात नंतर आलेल्या तरतुदीमुळे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे मुदतीत न दिलेले पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षाच्या खर्चात धरता येतात, त्यामुळे कारखान्याचा चार्टर्ड अकाउंटंटच आठवण करून देतो.

आणखी एक कलम बऱ्याच ठिकाणी विसरलं जातं. कास्टिंगचं ड्रॉइंग पुष्कळदा फाउंड्रीच्या ग्राहकाचं असतं, म्हणून फोटो बाहेर नेण्यावर त्याची बंदी असू शकते. शिवाय शेजारचा गाळा प्रतिस्पर्ध्याचा असतो. मूळ फोटो आणि प्रोसेस डेटा फाउंड्रीच्याच संगणकावर, शिकलेलं मॉडेल स्टार्टअपचं, अशी विभागणी लिहून घेतली की बहुतेक शंका मिटतात.

यजमान पालिका असेल तेव्हा

इथे माझं मत थोडं मवाळ आहे, कारण पालिकेत ऑर्डर काढणं कारखान्यापेक्षा जड जातं. तीन वर्षांची उलाढाल आणि तशाच कामाचा अनुभव या दोन अटी नव्या कंपनीला दारातच थांबवतात. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत स्टार्टअपना या अटी शिथिल करण्याची सोय आहे, पण पालिकेच्या निविदेला ती आपोआप लागत नाही; निविदेत तसं घालावं लागतं. अडीच लाखांवरच्या करारावर २ टक्के जीएसटी टीडीएसही कापला जातो, तो रोखीच्या हिशेबात धरावा. वाट अजिबातच नाही असंही नाही. महाराष्ट्र स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्या २४ स्टार्टअपना सरकारी खात्यांत पायलटसाठी १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश मिळाले आहेत. फिनलंडमधल्या हेलसिंकीने आपल्या कालासातामा भागात याहून लहान रकमांत हेच केलं: ८,००० युरोपर्यंतचे, जास्तीत जास्त सहा महिन्यांचे पायलट, आणि प्रत्येकात तिथले रहिवासी सामील. कोल्हापूरला पेलेल असा आकार मला तोच वाटतो.

पुराचं उदाहरण घ्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी सगळ्यांना पाठ आहे. पण शहरातल्या जयंती नाल्यासारख्या ठिकाणी पाणी मागे कधी फुगायला लागतं हे गल्लीनिहाय कळण्यासाठी स्वस्त सेन्सरचं जाळं उपयोगी पडेल. अशा पायलटला वर्षात एकच परीक्षा मिळते. सेन्सर मे अखेर खांबावर हवेत. फाईल जुलैपर्यंत फिरली तर वर्ष गेलं. जुलैत सूर्य दिसत नाही, म्हणून सोलर पॅनेलवर विसंबू नये, निदान आठवडाभर पुरेल अशी बॅटरी मागावी. २०१९ आणि २०२१ सारखं पाणी आलं की वीज आणि मोबाईल टॉवर दोन्ही धोक्यात येतात. नोंद उपकरणातच साठली पाहिजे आणि नेटवर्क आल्यावर पाठवली गेली पाहिजे. वाहत येणाऱ्या झाडझाडोऱ्यात पाण्यात बुडणारा सेन्सर टिकणं कठीण, पुलावरून खाली पाहणारा रडार महाग पण भरवशाचा. सेंटरच्या टाकीत यातलं काहीच कळत नाही.

जागा निवडावी असं कुठे

ड्रोनवाल्यांनी आधी जागाच मागावी. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. उजळाईवाडीचा विमानतळ गोकुळ शिरगावला लागून असल्यामुळे एमआयडीसीतली टीम दारात ड्रोन उडवू शकत नाही. १२ किलोमीटरपलीकडे एखादं गायरान किंवा महाविद्यालयाचं मैदान ठरवून दिलं, तर त्यांची मोठी अडचण सुटते. अन्न आणि जैवतंत्रज्ञानवाल्यांचं वर आलंच. अजून नक्की काय बनवायचं हे न ठरलेल्या विद्यार्थ्यांनाही ऑर्डर देऊन उपयोग नाही, त्यांना टेबल आणि मोल्डिंग लाईनवर आयुष्य काढलेला एखादा निवृत्त फोरमन मार्गदर्शक म्हणून द्यावा.

बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांच्याकडे चालणारा प्रोटोटाइप आहे आणि ज्यांचं गिऱ्हाईक इथल्याच फाउंड्रीत, यंत्रमागावर, साखर कारखान्यात किंवा पालिकेत आहे, त्यांच्यासाठी मी निधीचा मोठा हिस्सा ऑर्डरकडे वळवीन. हाताशी ५० लाख असतील तर १० लाख चालू लॅबमध्ये एखाद्या उपकरणाला आणि ते चालवणाऱ्या माणसाच्या पगाराला ठेवावेत, कारण ऑपरेटरशिवाय घेतलेलं यंत्र कपाटात जातं. उरलेल्यातून ४-४ लाखांचे दहा पायलट होतात, आणि यजमानाने एक तृतीयांश घातला तर पंधरा. पालिकेच्या पायलटचे प्रस्ताव दिवाळीनंतर लगेच मागवावेत म्हणजे अर्थसंकल्पात तरतूद होऊन मेपर्यंत काम उभं राहतं. फाउंड्रीतले पायलट मार्च टाळून एप्रिलमध्ये सुरू करावेत. मार्चमध्ये डिस्पॅचच्या धावपळीत ट्रॉली वेगळी ठेवायला कोणाला सवड नसते.