बूटलोडर उघडावा का? रूट, कस्टम रॉम, जेलब्रेक आणि कुलूप न उघडता होणारं काम

"फोन रूट करू का?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, नेमकं खुपतंय काय? उत्तरं फार वेगळी नसतात. काढता न येणारी अ‍ॅप्स. फाइल मॅनेजर उघडला तरी समोर येणाऱ्या जाहिराती. कंपनीने अपडेट थांबवल्यामुळे धडधाकट असून म्हातारा ठरलेला फोन. आपली माहिती परस्पर कुठे जाते याची धास्ती. आणि एखादा प्रामाणिकपणे सांगतो, "काही नाही, करून बघायचंय." दुखणी वेगवेगळी, पण औषध मात्र सगळ्यांना एकच ठाऊक असतं.

आधी नावांचा घोळ मिटवू. रूट म्हणजे कंपनीचीच सिस्टीम ठेवायची, पण तिच्यातले सर्वाधिकार आपल्याकडे घ्यायचे. कस्टम रॉम म्हणजे ती सिस्टीमच उचलून बाजूला ठेवायची आणि दुसरी बसवायची. या दोन गोष्टी लोक सर्रास एकच समजतात. लिनेजओएस (सगळ्यात परिचित कस्टम रॉम) बसवलं म्हणजे फोन रूट झाला असं होत नाही. त्यात रूट येतच नाही, हवं असेल तर वेगळं घालावं लागतं. जेलब्रेक हा आयफोनचा मामला, त्याचं गणित निराळं आहे, त्याकडे शेवटी येतो.

खरी किंमत बूटलोडरपाशी

फोन सुरू होतो तेव्हा चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम आधी जागा होतो. तो पुढच्या प्रोग्रामची सही तपासतो, तो त्याच्या पुढच्याची, आणि अशी साखळी थेट अँड्रॉइडपर्यंत जाते. मधल्या एखाद्या कडीची सही जुळली नाही तर फोन पुढे सरकत नाही. या साखळीतला पहारेकरी म्हणजे बूटलोडर. तो अनलॉक करणं म्हणजे त्याला सांगणं की यापुढे सही बघू नकोस. रूट करा नाहीतर रॉम बदला, बहुतेक फोनवर आधी हे करावंच लागतं. अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो, याचा लोकांना राग येतो. पण तसं नसतं तर सापडलेला फोन कुणीही अनलॉक करून आतलं वाचू शकला असता.

पुढची जवळजवळ सगळी गैरसोय इथून सुरू होते. बँकेचं अ‍ॅप रुसतं, सिनेमे धूसर दिसतात, कंपनीच्या काही सोयी बंद पडतात, आणि दोष मात्र रूटवर जातो. बिचाऱ्या रूटचा यातला वाटा बराच लहान आहे.

शिवाय अनलॉक करणं तुमच्या हातात असेलच असं नाही. गूगलच्या पिक्सेलमध्ये ते सरळ आहे, फक्त मोबाइल नेटवर्क कंपनीने बांधून विकलेला फोन नसावा. शाओमीत खातं जोडून काही दिवस थांबावं लागतं, आणि हायपरओएस ही तिची नवी सिस्टीम आल्यापासून अटी आणखी कडक झाल्या. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणंच बंद केलं. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. अधिकृत सही नसलेली सिस्टीम चढवली की तो उडतो आणि पुन्हा जोडता येत नाही. नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी सॅमसंग पे आणि सिक्युअर फोल्डर गेले ते गेलेच. त्यामुळे तुलना करत बसण्याआधी आपल्या नेमक्या मॉडेलला ही वाट आहे का, एवढं बघून घ्या. नेमकं म्हणजे अगदी मॉडेल क्रमांकासकट. एकाच नावाच्या फोनमध्ये दोन वेगळ्या चिप असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

कुलूप न उघडता कितपत भागतं?

ही वाट मी पहिली ठेवतो, कारण हिच्याबद्दल कमी बोललं जातं आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं काम इथेच होतं.

डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डिबगिंग चालू करायचं, फोन कॉम्प्युटरला जोडायचा आणि एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं अँड्रॉइडचं साधन) नको असलेली अ‍ॅप्स आपल्या खात्यापुरती काढून टाकायची. अँड्रॉइड ११ पासून हे वायरशिवायही करता येतं. शिझुकू नावाचं अ‍ॅप हेच एडीबीचे अधिकार फोनवरच्या इतर अ‍ॅप्सना मिळवून देतं, म्हणजे प्रत्येक वेळी कॉम्प्युटर लागत नाही. जाहिरातींचं म्हणाल तर अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणारी सेवा आपण निवडायची. तिथे जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता टाकला की ब्राउझरच नव्हे, इतर अ‍ॅप्समधल्याही बऱ्याच जाहिराती थांबतात. ज्या अ‍ॅपची जाहिरात आणि मजकूर एकाच सर्व्हरवरून येतात, तिथे मात्र याचा उपयोग नाही. वर एखादा चांगला लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप) घातला की फोनचा चेहराही बदलतो.

मर्यादा आहेत. असं काढलेलं अ‍ॅप सिस्टीमच्या भागात पडूनच असतं, त्यामुळे जागा फारशी मोकळी होत नाही आणि फॅक्टरी रीसेट केलं की ते परत हजर. नावावरून निरुपयोगी वाटणारा एखादा भाग उडवला आणि फोन सुरूच होईना, असेही प्रकार होतात. म्हणून आधी नुसतं डिसेबल करा, चार दिवस वापरून बघा, मग काढा. काही बँकांची अ‍ॅप्स डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले तरी कुरकुरतात, तेव्हा काम झालं की ते बंद करा. काढलेली अ‍ॅप्स काढलेलीच राहतात, फक्त शिझुकू तेवढं थांबतं.

रूट: पूर्वी गरज होती, आता?

अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात साधा स्क्रीनशॉट घ्यायलाही रूटसारखे उपद्व्याप करावे लागत. २०११ मध्ये अँड्रॉइड ४.० आलं आणि ती सोय बटणांवर आली. अ‍ॅपला कुठली परवानगी द्यायची हे एकेक करून ठरवणं अँड्रॉइड ६ मध्ये आलं, डार्क मोड १० मध्ये, स्क्रीन रेकॉर्डिंग ११ मध्ये. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आता अनेक फोनमध्ये आयती मिळते. रूटवाल्यांनी मागितलेलं एकेक करून सिस्टीमनेच देऊन टाकलं.

मग उरलं काय? अ‍ॅप आणि त्याच्या आतल्या माहितीसकट पूर्ण बॅकअप, जो रूटशिवाय नीट होत नाही. एकेका अ‍ॅपचं नेटवर्क मुळापासून तोडणारी फायरवॉल. चिपचा वेग, चार्जिंगचा प्रवाह अशा खोलवरच्या गोष्टी. ज्याला यांची रोज गरज आहे त्याला ते माहीत असतंच, आणि तो सहसा असे लेख वाचत बसत नाही.

रूट करण्याचं नेहमीचं साधन म्हणजे मॅजिस्क. जॉन वू यांनी ते २०१६ मध्ये आणलं. सिस्टीमच्या फाइलींना हात न लावता फक्त बूट इमेजमध्ये (फोन सुरू होताना लागणारी फाइल) बदल करायचा, ही त्यातली कल्पना. त्यामुळे रूट लपवणं सोपं झालं आणि काही वर्षं सुखात गेली. आता गूगलचं प्ले इंटेग्रिटी आडवं येतं. अ‍ॅप गूगलला विचारतं की हा फोन भरवशाचा आहे का, आणि मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ व त्यापुढच्या फोनवर याचं उत्तर थेट हार्डवेअरमधल्या किल्लीवरून ठरतं. तिथे सॉफ्टवेअरची थाप चालत नाही. लोक कुठून तरी फुटलेल्या किल्ल्या मिळवून वापरतात, गूगल त्या रद्द करतं, मग नव्याचा शोध. छंद म्हणून ठीक आहे. पण पैसे भरायला रांगेत उभं असताना अ‍ॅपने "हे उपकरण सुरक्षित नाही" म्हणून दार लावून घेतलं की छंद बाजूला राहतो. माझं असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा मागच्या माणसाने उसासा टाकला तो अजून आठवतो.

अपडेटचंही एक झेंगट आहे. बदललेल्या बूट इमेजवर कंपनीचं अपडेट सरळ बसत नाही. आधी मूळ इमेज परत ठेवायची, अपडेट घ्यायचं, फोन रीस्टार्ट होण्याआधी दुसऱ्या स्लॉटवर (सिस्टीमची दुसरी प्रत, जिथे अपडेट बसतं) मॅजिस्क चढवायचं. क्रम चुकला तर बूटलूप, म्हणजे लोगो येतो, जातो, पुन्हा येतो. एकदा रात्री घाईघाईत मी आधीच्या आवृत्तीची बूट इमेज चढवली आणि सकाळचा अलार्म वाजलाच नाही.

कस्टम रॉम: जुन्या फोनचं पुनर्वसन

रूट आणि रॉम यांत एकच निवडायचं असेल तर मी रॉमकडे झुकतो. रूट तुम्हाला अधिकार देतं, पण फोन आहे तिथेच राहतो. रॉम फोनचं आयुष्य वाढवते.

२००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक यांनी सुरू केलेलं सायनोजेनमॉड हे या घराण्याचं मूळ. २०१६ च्या अखेरीस त्यामागच्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि त्याच कोडमधून लिनेजओएस उभं राहिलं. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनवर नवं अँड्रॉइड, नवे सुरक्षा पॅच, आणि कंपनीच्या अ‍ॅप्सचा कचरा शून्य. गूगलच्या सेवाही हव्या असतील तरच घालायच्या.

पण दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. पहिली कॅमेऱ्याची. फोटोचं निम्मं काम लेन्स करते आणि निम्मं कंपनीचं बंदिस्त सॉफ्टवेअर. रॉम बदलली की तेच बहुधा मागे राहतं. तोच फोन, तीच लेन्स, आणि रात्रीचे फोटो एकदम फिके. दुसरी गोष्ट सुरक्षेची. रॉम बनवणारे अँड्रॉइडचा भाग ताजा ठेवू शकतात, पण मोडेम आणि चिपच्या आतलं फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) कंपनीशिवाय कुणी दुरुस्त करू शकत नाही. सेटिंग्जमध्ये पॅचची तारीख या महिन्याची दिसते आणि खाली तळघरात जुनीच भोकं. काहीच न मिळण्यापेक्षा हे नक्की बरं, पण नव्या फोनच्या तोडीचं नाही. त्यात भर म्हणजे अनेक फोन अनलॉक झाल्यावर वाइडवाइनच्या (व्हिडिओची चोरी रोखणारी गूगलची व्यवस्था) एल१ या वरच्या पातळीवरून एल३ या खालच्या पातळीवर घसरतात आणि व्हिडिओ सेवा एचडी दाखवणं थांबवतात.

या सगळ्याला एक अपवाद आहे, ग्राफीनओएस ही रॉम. ते पिक्सेलवर चालतं आणि बसवून झाल्यावर बूटलोडर पुन्हा बंद करता येतो, कारण पिक्सेल दुसऱ्याची सहीही मान्य करतो. पहारेकरी कामावर राहतो, फक्त मालक बदलतो. माहितीच्या धास्तीने आलेल्या माणसाला मी हेच सुचवतो. बूटलोडर उघडा ठेवलेला रूट केलेला फोन त्याच्या काळजीवर उलटा उपाय आहे. तरीही गूगलचं प्रमाणपत्र नसल्याने काही बँकांची अ‍ॅप्स इथेही चालत नाहीत. आपलं अ‍ॅप चालतं का, हे आधी तपासा.

आणखी एक बदल लक्षात घ्या. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून या दोन्ही कंपन्या त्यांच्या वरच्या फोनना सात वर्षं अपडेट देण्याचं वचन देतात. दुसरीकडे, जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ सोबत गूगलने पिक्सेलसाठी लागणारा उपकरणाचा कोड पूर्वीसारखा दिला नाही, त्यामुळे रॉम बनवणाऱ्यांचं काम वाढलं. नवा फोन घेतानाच पुढे रॉम टाकू असा बेत आखण्यात आता फारसा अर्थ राहिलेला नाही.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात

थोडक्यात, कारण पर्यायच थोडे आहेत. इथे अनलॉकची अधिकृत सोय नाही. जेलब्रेक म्हणजे सिस्टीममधली फट शोधून आत शिरणं, आणि पुढच्या अपडेटमध्ये ती फट बुजते. जुन्या आवृत्तीवर परत जावं म्हटलं तर अ‍ॅपल तिला सही देणं लवकरच बंद करतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये उघड झालेली चेकएम८ ही फट मात्र वेगळी. ती चिपमध्ये कोरलेल्या पहिल्याच प्रोग्राममध्ये आहे, त्यामुळे अपडेटने बुजवता येत नाही. आयफोन ४एस पासून आयफोन एक्सपर्यंतचे फोन तिच्या कक्षेत येतात. आयफोन ८ आणि एक्सवर आजही पालेराइन हे जेलब्रेकचं साधन चालतं, पण दर रीस्टार्टनंतर फोन कॉम्प्युटरला जोडावा लागतो आणि पासकोड बंद ठेवावा लागतो. पासकोड नसलेला फोन खिशात घेऊन फिरणं मला तरी जमणार नाही. ताज्या आयओएसवर चालणारा नवा आयफोन हातात असेल तर हा विषय सोडून द्या.

आणि जेलब्रेक केलंच तर एक जुनी गोष्ट ध्यानात ठेवा. २००९ मध्ये इकी नावाचा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) जेलब्रेक केलेल्या आयफोनांत पसरला. कारण एवढंच, की लोकांनी एसएसएच (दुरून फोनमध्ये शिरण्याची सोय) बसवलं आणि "अल्पाइन" हा मूळ पासवर्ड बदललाच नाही.

मग कुणी काय करावं?

नको ती अ‍ॅप्स आणि जाहिराती एवढंच दुखणं असेल तर एडीबी आणि प्रायव्हेट डीएनएस. बूटलोडरला हात लावू नका. फोन जुना, अपडेट बंद, आणि लिनेजओएसच्या अधिकृत यादीत तुमचं मॉडेल असेल, तर रॉम. यादीत नसेल आणि कुणा अनोळखी माणसाने बनवलेली फाइल मिळत असेल, तर तिच्यात काय आहे हे तपासायला तुमच्याकडे काही मार्ग नाही, एवढं लक्षात घेऊन ठरवा. गोपनीयता हवी आणि पिक्सेल हाताशी असेल तर ग्राफीनओएस. नुसतं रूट मी फक्त "करून बघायचंय" म्हणणाऱ्यालाच सुचवतो, आणि तेही दुसऱ्या फोनवर.

सुरू करण्याआधी आपल्याच मॉडेलचं मूळ फर्मवेअर कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, फोन बंद पडल्यावर ते शोधणं फार कष्टाचं असतं. सध्याच्या आवृत्तीपेक्षा जुनं फर्मवेअर चढवू नका. अनेक फोनमध्ये मागे जाण्याला हार्डवेअरचाच अटकाव असतो आणि फोनची अक्षरशः वीट होते. ओटीपी देणारं अ‍ॅप आधी दुसऱ्या फोनवर हलवा. पुसलेल्या फोनसोबत तेही जातं, आणि मग स्वतःच्याच खात्यात शिरायला दाराबाहेर उभं राहावं लागतं.

माझ्या रोजच्या फोनचा बूटलोडर बंद आहे. त्यातली तेवीस अ‍ॅप्स एडीबीने काढली आहेत. कपाटातला जुना फोन लिनेजवर चालतो, रूटसकट. त्यावर गाणी आहेत, पुस्तकं आहेत, दर पंधरा दिवसांनी काहीतरी नवं मोडतं. बँकेचं अ‍ॅप त्यावर एकही नाही.