साने गुरुजींचं गाव म्हणून त्याने आम्हाला ताई म्हटलं, आणि 78,120 रुपये नेले

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अमळनेर, धुळे आणि शहाद्याचे मिळून एकवीस जण खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला निघालो होतो. एक रात्र हॉटेल, दोन दिवस पार्क, आणि नानांना पाली-महडच्या गणपतींचं दर्शन. बुकिंगची जबाबदारी मी घेतली होती, म्हणून हे मीच लिहिते आहे.

फोनवर पार्कचं नाव टाकून शोधलं. सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, तिकडे माझं लक्षच गेलं नाही. त्या पानावर फोटो पार्कचेच होते, खाली मोबाईल नंबर. मी फोन केला. अमळनेर म्हटल्यावर पलीकडून लगेच, "साने गुरुजींच्या गावच्या का ताई? मंगळग्रह मंदिरात येऊन गेलोय मी." खरं सांगते, त्या एका वाक्याने मी सैल पडले. गुरुजी ज्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत, त्याच्यासमोरून मी रोज जाते. आपल्या गावाचं नाव इतक्या आदराने घेणारा माणूस खोटं बोलेल असं मनातही आलं नाही.

माणशी 4,000, एकूण 84,000 ठरले. आधी 21,000 दिले. दोन दिवसांनी त्याचा फोन, "हॉटेलवाले आज संध्याकाळपर्यंतच सात खोल्या धरून ठेवतील, अर्धी रक्कम टाका." 42,000 टाकले. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नव्हे, कुणा बाईचं नाव आलं. मी विचारलं, तर म्हणाला, "अकाउंट्सच्या मॅडम आहेत." निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन: जीएसटी 18 टक्के म्हणजे 15,120 वेगळे भरा, हॉटेलवर पोचलात की परत मिळतील, उरलेले 21,000 तिथेच द्या. कर भरला की परत कसा मिळतो, हे विचारायला हवं होतं. पण बॅगा भरल्या होत्या, गाडी ठरली होती, पोरं नाचत होती. मी भरले.

एक गोष्ट आधीच खटकायला हवी होती. घरातली लहान पोरं किती उंचीची आहेत, हे त्याने एकदाही विचारलं नाही. "सगळ्यांना सगळ्या राइड" एवढंच म्हणायचा. पार्कात राइडला उंचीची अट असते. तिथे खरंच तिकिटं विकणाऱ्या माणसाने हे आधी सांगितलं असतं.

रात्री आठला निघालो. धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट करत सकाळी सातच्या सुमारास हॉटेलवर पोचलो. काउंटरवरच्या मुलीने माझी सात व्हाउचर शेजारी शेजारी मांडली आणि बोट ठेवून दाखवलं: सातही कागदांवर बुकिंग नंबर एकच. "मॅडम, हा नंबर आमचा नाही." तिचा आवाज इतका हळू होता की मागे उभ्या जिभाऊंना ऐकूच गेलं नाही. ते विचारत राहिले, "काय व्हयनं वं?" त्या माणसाचा फोन बंद.

मी तिथेच खाली बसले. अक्का जवळ आल्या, मला उठवलं आणि म्हणाल्या, "पैसा गयात ते गयात, पोरेस्ले पहिले खावाले द्या." अक्कांनी कापूस विकून आलेल्या पैशातून दिलेले 8,000 त्यात होते. ते मला आजही गिळवत नाही.

भाच्याने मात्र डोकं शांत ठेवलं. आठच्या आत 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तिन्ही व्यवहारांचे यूटीआर, म्हणजे बँकेचे व्यवहार क्रमांक, दिले. शेवटचे 15,120 आदल्या संध्याकाळचेच होते, म्हणून त्यातले 6,300 त्या खात्यात अडकवता आले. आधीचे केव्हाच पुढच्या खात्यांत गेले होते. अडकलेल्या पैशांसाठी अर्ज केला आहे, अजून हातात काही नाही.

मग पोरांसाठी खिडकीवर तिकिटं काढली, चार मोठे सोबत गेले, बाकी आम्ही नानांना घेऊन पालीला आणि महडला गेलो. रात्री तिथे न थांबता परत फिरलो.

घरी आल्यावर त्याने पाठवलेलं बिल नीट पाहिलं. जीएसटी नंबर 24 ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा 27 ने होतो, 24 गुजरातचा, आणि पत्ता लिहिला होता पुण्याचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला तर निघालं कुठल्या तरी लोखंड-पाइपच्या दुकानाचं नाव. दोन मिनिटांचं काम. हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा रिसेप्शनचा नंबर लावून "आमच्या नावाने खोल्या आहेत का" एवढं विचारायलाही दोनच मिनिटं लागली असती.

पैशापेक्षा मोठी काळजी वेगळीच आहे. त्याने सोळा मोठ्यांच्या आधार कार्डांचे फोटो मागून घेतले होते. आम्ही सगळ्यांचं आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, आता लॉक केलं आहे. हॉटेलला आधार द्यायचंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, तेही पोचल्यावर, काउंटरवर.

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये कुणाला असाच फोन आला असेल, गावाचं नाव घेऊन गोड बोलणारा, "अकाउंट्सच्या मॅडम"च्या खात्यात पैसे मागणारा, आणि पैसे गेले असतील, तर लाजून गप्प बसू नका. रक्कम 2,000 असली तरी तक्रार नोंदवा, स्क्रीनशॉट आणि यूटीआर जपून ठेवा. आमची तक्रार अमळनेर पोलीस ठाण्यातही दिली आहे. त्याच खात्यावर दुसरी तक्रार आली तर तपासाला धागा मिळेल, असं तिथल्या हवालदारांनी सांगितलं.