प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर: रोजचा बॅकअप हलका, पण डिस्क चांगली लागते

आमचे सगळे होस्ट (म्हणजे व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम, चालवणारे सर्व्हर) प्रॉक्समॉक्स व्हीई या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यामुळे बॅकअपसाठी त्याच घरचा बॅकअप सर्व्हर लावणं ओघानंच आलं. पहिली आवृत्ती २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आली. ओपन सोर्स आहे आणि पैसे भरल्याशिवाय न उघडणारं फीचर एकही नाही. सबस्क्रिप्शन घेतलं तर एंटरप्राइज रिपॉझिटरी आणि सपोर्ट मिळतो. नाही घेतलं तर लॉगिन करताना आठवण करून देणारी खिडकी येते, ती बंद करायची आणि कामाला लागायचं.

आधी आम्ही बॅकअपच्या फायली सरळ एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरात, टाकायचो. प्रत्येक बॅकअप म्हणजे अख्खा व्हीएम, मग जागा पुरेना म्हणून जुने उडवायचे. इथे व्हीएमच्या डिस्कचे ४ एमआयबीचे तुकडे होतात, प्रत्येकाचा एसएचए-२५६ (आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढला जातो आणि तोच तुकडा डेटास्टोअरमध्ये, म्हणजे बॅकअप साठवायच्या जागेत, आधीपासून असेल तर पुन्हा पाठवलाच जात नाही. एकाच टेम्प्लेटवरून काढलेले दहा व्हीएम असतील तर त्यांचा सारखा भाग एकदाच साठवला जातो. त्यात चालू व्हीएमसाठी डर्टी बिटमॅप: मागच्या बॅकअपनंतर डिस्कचा कुठला भाग बदलला हे क्यूईएमयूला (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) माहीत असतं, तेवढंच वाचलं जातं. लॉग उघडून बघा, शंभर जीआयबीच्या डिस्कमधले जेमतेम एक-दोन जीआयबी 'डर्टी' दिसतात आणि जॉब चहा थंड व्हायच्या आत संपलेला असतो.

मात्र व्हीएम बंद करून पुन्हा चालू केला की हा बिटमॅप जातो. मग लॉगमध्ये 'क्रिएटेड न्यू' अशी ओळ येते आणि अख्खी डिस्क पुन्हा वाचली जाते. नेटवर्कवरून जातात ते नवे तुकडेच, वाचायला मात्र सगळं लागतं. व्हीएम बंद-चालू केल्यानंतरच्या रात्री बॅकअप लांबला तर घाबरू नका, कारण बहुधा हेच असतं.

आता खरा मुद्दा. बॅकअप घेताना वाचलेली मेहनत नंतर डिस्ककडून वसूल होते. एक टीआयबी म्हणजे २,६२,१४४ तुकडे, आणि ते ६५,५३६ उपफोल्डरांत विखुरलेले. रिस्टोअर (बॅकअप परत आणणं), व्हेरिफाय (तुकडे शाबूत आहेत का ते तपासणं), गार्बेज कलेक्शन (नको असलेले तुकडे काढणं) या तिन्ही वेळा या बारीकसारीक फायलींच्या मागे धावावं लागतं. फिरत्या हार्डडिस्कला हे काम मानवत नाही. अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येही एसएसडीच सुचवली आहे. हार्डडिस्कच वापरायच्या असतील तर झेडएफएस या फाइलसिस्टमला मेटाडेटासाठी (फायलींच्या नोंदींसाठी) एसएसडीचा स्पेशल डिव्हाइस जोडा, आणि तो मिरर करूनच. तो गेला की अख्खा पूल, म्हणजे सगळ्या डिस्कवरचा डेटा, जातो. कपाटात पडलेल्या जुन्या नासवर (नेटवर्कच्या स्टोरेज डब्यावर) डेटास्टोअर उभारायचा मोह होतोच. बॅकअप तिथेही छान होतात, फक्त मोठा सर्व्हर परत आणायची वेळ आली की घाम फुटतो.

बॅकअप स्टोरेज मंद असेल तर आणखी एक गोष्ट होते. व्हीएम जिथे लिहायला जातो तिथला जुना डेटा आधी बॅकअपला पोचवावा लागतो, म्हणजे स्टोरेज अडकलं की व्हीएमही अडखळतो. व्हीई ८.२ पासून 'फ्लीसिंग' आलंय. त्यात जुना डेटा होस्टवरच्या तात्पुरत्या इमेजमध्ये जातो आणि व्हीएम मोकळा राहतो. डेटाबेसच्या व्हीएमना हे चालू ठेवाच.

नव्या माणसाला हमखास चकवणारी जागा म्हणजे प्रून, म्हणजे जुने बॅकअप छाटणं. डेटास्टोअर भरत आला, जुने बॅकअप प्रून केले, जागा मात्र जैसे थे! प्रूनने फक्त त्या बॅकअपमधल्या तुकड्यांची यादी जाते, तुकडे काढायचं काम गार्बेज कलेक्शनचं. तेही चोवीस तास पाच मिनिटांत हात लागलेला तुकडा सोडून देतं. म्हणजे आज प्रून केलं तर जागा उद्या-परवा सुटणार. डिस्क ९५ टक्क्यांवर जाईपर्यंत वाट बघू नये ती यासाठी.

रिस्टोअरमध्ये मला सर्वांत आवडतं ते फाइल रिस्टोअर. अकाउंट्समधून फोन येतो, "अहो, ती एक्सेल शीट उडाली, कालची मिळेल का?" अख्खा व्हीएम परत आणायची गरज नाही. कालचा बॅकअप निवडायचा, एक छोटासा व्हीएम मागच्या मागे उठतो, डिस्क वाचून फोल्डर दाखवतो, फाइल डाउनलोड करायची. लाइव्ह रिस्टोअरही आहे, त्यात डेटा येत असतानाच व्हीएम सुरू होतो. पुन्हा तेच, खाली एसएसडी असेल तर.

सुरक्षेचा विचार नीट केलेला आहे, फक्त तो वापरायला हवा. होस्ट ज्या टोकनने (पासवर्डऐवजीच्या किल्लीने) लॉगिन करतो त्याला 'डेटास्टोअरबॅकअप' एवढाच रोल द्या. त्याला बॅकअप घेता येतो, स्वतःचे परत आणता येतात, पण उडवता येत नाहीत. प्रून बॅकअप सर्व्हरवरूनच करायचं. दुसऱ्या जागेचा सर्व्हर सिंक जॉबने प्रत स्वतः ओढून घेतो, त्यामुळे त्याचा पासवर्ड पहिल्याकडे ठेवावाच लागत नाही. एन्क्रिप्शन चालू केलं तर किल्ली कागदावर छापून तिजोरीत ठेवा. पेपर कीची सोय मुद्दाम दिली आहे, किल्ली हरवली तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही.

व्हीएमवेअर सोडायचं नसेल तर हे तुमच्या कामाचं नाही, ईएसएक्सआय या त्यांच्या होस्ट सॉफ्टवेअरवरच्या व्हीएमचा थेट बॅकअप यात होत नाही. डेटाबेसमधलं एखादं टेबल किंवा मेलबॉक्समधली एक मेल उचलून देणारी सोयही नाही. गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत बसवलेला छोटा प्रोग्रॅम) बॅकअपच्या वेळी फाइलसिस्टम क्षणभर गोठवतो, पण एसक्यूएलचा स्वतःचा डंप आम्ही वेगळा घेतोच. बॅकअप सर्व्हर ४.० मध्ये एस३ (क्लाउड) स्टोरेज आलं, तेही टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू, म्हणजे चाचणीपुरतं. त्यावर अजून भिस्त नाही. आमची बाहेरची प्रत सिंक जॉबनेच जाते.